हिरवं चमकलं, म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या अंकात जिवंत पेशीतलं ग्लुटाथायोन दाखवणाऱ्या रासायनिक सेन्सरवर लिहिलं होतं आणि सोबत यकृताच्या पेशींचा एक हिरवागार फोटो छापला होता. लेख किती जणांनी वाचला ते पत्रांवरून कळत नाही, फोटो मात्र सगळ्यांनी पाहिलेला दिसतो. निम्मी पत्रं विद्यार्थ्यांची आहेत. उरलेली बहुतेक कुणीतरी काहीतरी विकायला दारात आलं म्हणून लिहिलेली. ज्यांच्या हाती तो अंक आला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटासा रेणू आहे, आपल्या पेशींत तो साधारण 1 ते 10 मिलिमोलर इतका असतो, आणि पेशी स्वतः बनवते त्या अँटिऑक्सिडंटांत तोच मोठा.

प्रश्न : आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अँटिऑक्सिडंट रसाची बाटली घेऊन आले होते. माहितीपत्रकात दोन फोटो आहेत, 'आधी' काळपट पेशी आणि 'नंतर' हिरव्यागार, अगदी तुमच्या अंकातल्यासारख्या. लेबलवर 'ओरॅक' म्हणून मोठा आकडाही आहे. बाटली महाग आहे. घ्यावी का? (एक वाचिका, चिपळूण)

ताई, त्यांना एकच विचारा, पेशींत डाय, म्हणजे चमकणारा रंग, कोणता घातला होता? उत्तर नाही आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये दोन नळ्या शेजारी शेजारी असतात. दोन्ही फॉइलमध्ये गुंडाळलेल्या, आणि दोन्हींतला डाय पेशीत हिरवाच चमकतो. एक डाय थायोल शोधतो, म्हणजे ग्लुटाथायोनवरचा गंधकाचा गट. तो चमकला की माल भरपूर आहे असं समजायचं. दुसरा डीसीएफ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. तो पेशीत जातो तेव्हा विझलेला असतो आणि ऑक्सिडाइज झाला की पेटतो. म्हणजे तो चमकला तर पेशीवर ऑक्सिडेशनचा मारा चालू आहे. पहिल्यात हिरवं दिसलं तर आनंद, दुसऱ्यात हिरवं दिसलं तर काळजी. पत्रकातल्या फोटोत डीसीएफ असेल, तर रस पाजल्यावर पेशी बेजार झाल्या असा त्याचा अर्थ होतो, आणि विक्रेत्यानं तो स्वतःच छापून वाटला आहे!

डीसीएफच्या खोड्या इथंच संपत नाहीत. लेझरखाली जरा जास्त वेळ ठेवला की तो उजेडानंच पेटायला लागतो. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची थेट रिॲक्शन नीट होत नाही, मध्ये लोह किंवा पेरॉक्सिडेज एन्झाइम लागतं. तरी स्वस्त आणि सोपा म्हणून शोधनिबंधांत तो पावलोपावली भेटतो. मला तो आवडत नाही, हे नोंदवून ठेवते.

आता लेबलवरचा आकडा. ओरॅक चाचणीत पेशी नसतातच. नळीत फ्लुओरेसीन घ्यायचं, 37 अंशांना फ्री रॅडिकल सोडणारं एक रसायन त्यात टाकायचं आणि फ्लुओरेसीनची चमक विझायला किती वेळ लागतो ते पाहायचं. रस घातल्यावर ती जितकी जास्त वेळ टिकेल तितका आकडा मोठा. पोटात गेल्यावर, आतड्यातून रक्तात आणि तिथून पेशीत पोचल्यावर त्याचं काय होतं, याचा त्या नळीला पत्ता नसतो. अमेरिकेच्या कृषी खात्यानं पदार्थांच्या ओरॅक आकड्यांचा तक्ता आपल्या संकेतस्थळावर ठेवला होता. विक्रेते त्याचा गैरवापर करतात आणि शरीरातल्या परिणामाशी त्या आकड्यांचा संबंध दाखवता येत नाही, म्हणून 2012 साली त्यांनीच तो काढून टाकला. लेबलांवरून मात्र आकडा काही हलला नाही.

आणखी एक गंमत आमच्या धंद्यातल्या लोकांनाही उशिरा उमगली. चहातली, द्राक्षातली काही पॉलिफिनॉल पेशी वाढवायच्या मीडियात, म्हणजे पोषक द्रावात, नुसती टाकली, तरी ती हवेतल्या ऑक्सिजनशी रिॲक्ट होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. बॅरी हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 सालच्या सुमारास हे दाखवून दिलं. मग पेशी जो प्रतिसाद देतात तो रसाला की पेरॉक्साइडला? पेशी न घातलेल्या प्लेटमध्ये आधी पेरॉक्साइड मोजल्याशिवाय ते कळायला मार्ग नाही.

बाटली घेऊ नका. चिपळुणात राहून अँटिऑक्सिडंट विकत आणायचं म्हणजे कमाल आहे. आमसुलं संपली का?

प्रश्न : प्रॅक्टिकलला आम्ही एलमन रिएजंटनं थायोल मोजतो. तोच पेशीत का घालत नाहीत? आणि हजारो रेणूंच्या गर्दीत सेन्सर ग्लुटाथायोनच कसं ओळखतो? (एमएस्सी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, लातूर)

प्रश्न छान आहे, म्हणून ऐसपैस लिहिते.

एलमननं त्याचा रिएजंट 1959 साली दिला. थायोल भेटला की पिवळा रंग येतो आणि 412 नॅनोमीटरला मोजता येतो. पण त्यासाठी पेशी फोडाव्या लागतात. लाखो पेशींचा काला करून जो आकडा मिळतो तो त्या सगळ्यांची सरासरी असते. कुठल्या पेशीत जास्त होतं, मायटोकॉन्ड्रियात किती आणि केंद्रकात किती, औषध दिल्यावर दहाव्या मिनिटाला काय झालं, हे सगळं त्या काल्यात हरवतं.

जिवंत पेशीसाठी डाय असा हवा की तो पटलातून आत शिरेल, शिरताना विझलेला राहील आणि हवा तो रेणू भेटल्यावरच पेटेल. विझवण्याची एक जुनी आणि माझ्या आवडीची युक्ती कुमारिन आणि मॅलिमाइड यांच्या जोडीत दिसते. कुमारिन हा एरवी छान निळा चमकणारा रेणू. त्याला मॅलिमाइडची शेपटी जोडली की ऊर्जा घेऊन वर गेलेल्या कुमारिनची ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडण्याआधी शेपटीच गिळते आणि उजेड मिळत नाही. मॅलिमाइडला एक दुहेरी बंध असतो. ग्लुटाथायोनचा गंधक येऊन त्या बंधावर बसला की शेपटीची गिळण्याची ताकद जाते आणि कुमारिन पेटतो. अशा चालू-बंद सेन्सरांपैकी बऱ्याच सेन्सरांत शेपटी थेट इलेक्ट्रॉनच उचलते किंवा देते. त्या जातीच्या सेन्सरांची बांधणी नीट मांडून दाखवणाऱ्यांत बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले ए. पी. डी सिल्वा यांचं नाव आधी घ्यावं लागतं. ते मूळचे श्रीलंकेचे.

आत शिरण्याची युक्ती रॉजर चेन यांची, 1981 सालची. कॅल्शियम पाहण्यासाठी त्यांनी डायवरच्या आम्लगटांना एस्टरची टोपी घातली. टोपीमुळे रेणूवर भार राहत नाही आणि तो पटलातून सहज आत सरकतो. आतली एस्टरेज एन्झाइमं टोपी कापतात, भार परत येतो आणि डाय आतच अडकतो. चेन यांना पुढं 2008 चं नोबेल मिळालं ते हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी, पण आमच्यासारख्यांचं रोजचं काम या टोपीवर चालतं.

आता ओळखण्याबद्दल. खरं सांगायचं तर मॅलिमाइड ग्लुटाथायोनला ओळखत नाही. त्याला थायोल दिसतो, मग तो सिस्टीनवरचा असो की प्रथिनावरचा. पण पेशीत मोकळं सिस्टीन ग्लुटाथायोनच्या मानानं फारच थोडं असतं, म्हणून दिसणारा उजेड मुख्यतः ग्लुटाथायोनचा असतो. हे गृहीतच आहे, ते तपासायलाच हवं. एका प्लेटला आधी एन-इथाइल मॅलिमाइड द्यायचं. ते सगळे थायोल आधीच अडवतं, त्यामुळे डाय पेटता कामा नये. दुसऱ्या प्लेटला रात्रभर बीएसओ नावाचं रसायन द्यायचं. ग्लुटाथायोन बनवण्याची पहिली पायरीच ते बंद पाडतं, त्यामुळे उजेड मंदावला पाहिजे. रात्रभर बीएसओ देऊनही उजेड तसाच राहिला, तर तुझा सेन्सर प्रथिनांचे थायोल मोजतो आहे. ही दोन कंट्रोल नसलेला फोटो मी पाहतसुद्धा नाही.

यापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. गंधक मॅलिमाइडवर बसला की सहसा उठत नाही. म्हणजे डाय ग्लुटाथायोन खातो. एकदा पेटलेला डाय पुढं ग्लुटाथायोन कमी झालं तरी पेटलेलाच राहतो. त्यानं चढ दिसेल, उतार दिसणार नाही. आणि चढ-उतार पाहण्यासाठीच तर जिवंत पेशी घेतल्या होत्या! यावर 2017 साली दोन गटांनी उत्तर दिलं, टोकियो विद्यापीठात यासुतेरू उरानो यांच्या गटानं आणि ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये जिन वांग यांच्या गटानं. त्यांच्या डायवर गंधक बसतो आणि उठतोही. ग्लुटाथायोन वाढलं की बसलेल्यांची संख्या वाढते, घटलं की कमी होते. शिवाय डाय मायक्रोमोलरमध्ये आणि ग्लुटाथायोन मिलिमोलरमध्ये, त्यामुळे डायनं अडवलेला वाटा हजारांत एकाच्या आसपास. शितावरून भाताची परीक्षा व्हावी आणि भात तसाच राहावा, इतपतच. खुबी अशी की हे बंधन पुरेसं सैल ठेवावं लागतं. चिवट धरणारा डाय मिलिमोलरमध्ये कायम भरलेलाच राहील आणि काहीच सांगणार नाही. वांग यांच्या डायमध्ये निम्मे रेणू भरायला साधारण 4 मिलिमोलर ग्लुटाथायोन लागतं, म्हणजे पेशीतल्या नेहमीच्या प्रमाणाच्या ऐन मध्यावर.

या डायचा दुसरा फायदा म्हणजे तो दोन लेझरांनी वाचता येतो, 405 आणि 488 नॅनोमीटर. गंधक बसलेला डाय एकाला जास्त उत्तर देतो, मोकळा डाय दुसऱ्याला. दोन्ही उजेडांचा भागाकार केला की पेशी जाड आहे की पातळ, डाय कमी शिरला की जास्त, हे सगळं कटून जातं. नुसत्या एका रंगाच्या तेजावरून 'जास्त-कमी' म्हणणाऱ्या निबंधांकडे मी थोड्या संशयानं पाहते. तुलाही तीच सवय लाव.

प्रत्यक्ष हात घातलास तर काही गोष्टी कुणी सांगणार नाही, त्या सांगते. डाय डीएमएसओमध्ये विरघळवतात, आणि डीएमएसओ 18.5 अंशांना गोठतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटली उघडावी तर आत बर्फ. मुठीत धरून ठेवायची, पूर्ण पातळ झाल्यावर हलवायची आणि मगच पिपेट बुडवायचं. अर्धवट वितळलेल्यातून घेतलं तर कॉन्सन्ट्रेशन चुकतं आणि दिवसभराचं काम वाया. फिनॉल रेड असलेला गुलाबी मीडिया स्वतःच चमकतो, फोटोच्या आधी तो बिनरंगाच्या बफरनं धुऊन काढायचा. आणि खोलीतली ट्यूब बंद! डाय पेशींवर घातल्यावर दार उघडून "मॅडम, झालं का?" विचारणारा एक जण प्रत्येक लॅबमध्ये असतोच. कॉलेजला पेशी हव्या असतील तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून रीतसर मागवता येतात. शेजारच्या लॅबकडून उसन्या आणलेल्या पेशी कोणत्या आहेत, हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं.

प्रश्न : आम्ही हळद लावतो. हळदीनं पेशीतलं अँटिऑक्सिडंट किती वाढतं ते या सेन्सरनं मोजून छापा, म्हणजे आमच्या मालाला भाव येईल. (एक शेतकरी, सांगली जिल्हा)

दादा, हळदीइतका सेन्सरला फसवणारा पदार्थ शोधून सापडणार नाही. कर्क्युमिन स्वतःच चमकतं. जांभळ्या-निळ्या उजेडात ते पिवळट हिरवा प्रकाश देतं, म्हणजे आमचा डाय जिथं बोलतो तिथंच. वर सांगितलेल्या 405 च्या लेझरला तर ते भरभरून उत्तर देतं. डाय न घालता नुसती हळद दिलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली ठेवल्या तरी फोटो सुरेख येतो, आणि तो 'अँटिऑक्सिडंट वाढलं' म्हणून सहज खपवता येईल.

बरं, कर्क्युमिनच्या रेणूत मॅलिमाइडसारखीच गंधकाला बोलावणारी जागा आहे. ते ग्लुटाथायोनला स्वतःच चिकटतं. त्यामुळे भरपूर कर्क्युमिन दिल्यावर सुरुवातीला ग्लुटाथायोन घटू शकतं, आणि त्या धक्क्यानं पेशी ग्लुटाथायोन बनवणारी एन्झाइमं वाढवते तेव्हा काही तासांनी ते वाढूही शकतं. अर्ध्या तासानं फोटो काढणारा एक सांगेल, दुसऱ्या दिवशी काढणारा दुसरंच, आणि दोघंही बरोबर असतील. शिवाय पाण्यात, शरीराच्या पीएचला कर्क्युमिन फार टिकत नाही. सीरम नसलेल्या बफरमध्ये अर्ध्या तासात त्याचा बहुतेक भाग मोडलेला असतो. मग पेशीनं पाहिलं ते कर्क्युमिन की त्याचे तुकडे?

हे नीट करायचं तर लाल उजेडात काम करणारा डाय घ्यावा लागेल, हळद आहे पण डाय नाही अशी प्लेट शेजारी ठेवावी लागेल आणि दिवसभर दर तासाला मोजावं लागेल. कुणी केलं तर छापू. पण भाव त्यानं वाढेल असं मला वाटत नाही. तुमच्या बाजारात भाव रंगावर आणि कर्क्युमिनच्या टक्क्यावर ठरतो, पेशीला कोण विचारतो?

प्रश्न : फोटोतला हिरवा रंग खरा असतो का? (एक वाचक, अकोला)

कॅमेरा काळा-पांढराच असतो. तो कुठून किती प्रकाश आला एवढंच मोजतो. हिरवा रंग संगणकात आम्ही भरतो, बहुतेकदा डायच्या रंगाशी जुळणारा, कधी छपाईत उठून दिसावा म्हणून भलताच. मायक्रोस्कोपच्या डोळ्यातून पाहिलं तर हिरवं दिसतं खरं, पण छापल्याइतकं भडक कधीच नाही.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरतंय. ब्युटी पार्लरमध्ये गोरेपणासाठी ग्लुटाथायोनची इंजेक्शनं सुचवली आहेत. तुम्ही तर म्हणता ते पेशीतच असतं, मग अपाय काय? (एक आई, नाशिक)

देऊ नका. पेशी आपल्याला हवं तेवढं ग्लुटाथायोन आत स्वतः बनवते, शिरेतून सोडलेलं बहुतेक पेशी जसंच्या तसं उचलत नाहीत. फिलिपिन्समध्ये हे खूळ आपल्याआधी आलं आणि तिथल्या औषध नियामकानं 2011 सालीच गोरेपणासाठीच्या अशा इंजेक्शनांविरुद्ध इशारा दिला. त्वचेवरच्या गंभीर प्रतिक्रिया, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी त्यात नमूद आहेत. पार्लरमध्ये शिरेत सुई घालणं हा वेगळाच धोका.

अँटिऑक्सिडंट म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतही सोडा. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना काही वर्षं बीटा-कॅरोटीन, व्हिटॅमिन ई किंवा खोट्या गोळ्या दिल्या. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला. 1994 साली हे छापून आलं तेव्हा गोळ्या देणारेच चक्रावले होते. आणि ताई, मुलगी आहे तशी ज्यांना चालत नाही त्यांच्याबद्दल मी इथं लिहीत नाही, संपादक कापतील.

प्रश्न : मी क्षयरोग विभागात परिचारिका आहे. या सेन्सरांचा आमच्या रुग्णांना काही उपयोग? (एक वाचिका, नागपूर)

आहे, आणि काम आपल्याच देशातलं आहे. क्षयाच्या जंतूत ग्लुटाथायोन नसतं, त्याऐवजी मायकोथायोल नावाचा रेणू असतो. हिरव्या प्रथिनात बदल करून ऑक्सिडेशनप्रमाणे चमक बदलणारं एक प्रथिन अमेरिकेत तयार झालं होतं. त्याला मायकोथायोल ओळखणारं एन्झाइम जोडून अमित सिंग यांच्या गटानं 2014 साली जंतूच्या आतलं वातावरण दाखवणारा सेन्सर बनवला, आधी दिल्लीत आणि पुढं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यावर काम झालं. एकाच माणसाच्या पांढऱ्या पेशींत शिरलेले जंतू सगळे सारखे नसतात, हे त्यानं दिसलं. काही ऑक्सिडाइज होऊन खचलेले, काही आतून चांगले सावरलेले, आणि हे सावरलेलेच औषधाला दाद देत नाहीत. पेशीच्या ज्या पिशवीत जंतू बसतो तिथली आम्लता त्यांना सावरायला मदत करते, असं पुढं निघालं. ती आम्लता क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधानं अडवली की प्राण्यांत क्षयाच्या औषधांचा गुण वाढला, हे 2019 साली प्रसिद्ध झालं. तुमच्या वॉर्डातला उपचार यानं आज बदलत नाही. सहा महिने गोळ्या का घ्याव्या लागतात, हे रुग्णाला समजावताना मात्र उपयोगी पडेल.

प्रश्न : मला मायक्रोस्कोप नाही. घरी असं चमकणारं काही बघता येईल का? (इयत्ता आठवी, फोंडा, गोवा)

येईल रे बाळा. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो अतिनील टॉर्च आण. बी-कॉम्प्लेक्सची पिवळी गोळी कुटून पाण्यात टाक, गाळ खाली बसू दे आणि अंधारात टॉर्च मार. पिवळट हिरवं चमकतं ते रायबोफ्लेविन, म्हणजे व्हिटॅमिन बी-टू. हेच तुझ्या पेशींतही थोडं असतं, आणि आमच्या फोटोत नको असताना उगाच उजेड देतं. मग चिमूटभर हळद सर्जिकल स्पिरिटमध्ये घाल आणि दुसरी चिमूट साध्या पाण्यात. कुठल्या वाटीत जास्त चमकतं ते बघ आणि का, याचा विचार कर. पालकाची पानं स्पिरिटमध्ये चुरून गाळलीस तर हिरवं पाणी टॉर्चखाली लाल दिसेल.

स्पिरिट आईला विचारून घ्यायचं, गॅस पेटलेला असताना काढायचं नाही. टॉर्च डोळ्यांवर मारायचा नाही, स्वतःच्याही नाही आणि मांजराच्याही नाही. काय दिसलं ते लिहून पाठव. गोळी कोणती, टॉर्चवर किती नॅनोमीटर छापलंय आणि खोलीत दिवा होता का, हेही लिही.